कोणालाही सूट नाही

बॉगवर जाताना ते टाय बांधत. पायांत गुडघ्यापर्यंतचे चिखलाचे बूट, अंगात मेणकापडाचा जुना कोट, आणि कोटाच्या गळ्यातून डोकावणारा हिरवा टाय. माझ्या सुनेने, मधुराने, एकदा विचारलं की चिखलात जायला टाय कशाला. ते म्हणाले, "जागा कौन्सिलची आहे. कौन्सिलच्या दारात मी चाळीस वर्षं उघड्या गळ्याने गेलो नाही." कौन्सिल म्हणजे तिथली जिल्हा परिषद.

बॉग म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मलाही तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. माळरानच ते, पण खालची जमीन काळी, मऊ, पाण्याने भिजलेली. पाय टाकला की सायीवर टाकल्यासारखं वाटतं. पूर्वी लोक ती काळी माती विटांसारखी कापायचे, उभ्या रचून वाळवायचे आणि चुलीत जाळायचे. तशा वाळत घातलेल्या विटा मी पहिल्यांदा लांबून पाहिल्या, तेव्हा मला वाटलं गोवऱ्याच आहेत. या परक्या मुलखात गोवऱ्या कुणी थापल्या म्हणून मी भराभर चालत गेले होते.

मी परदेशात, एनिस नावाच्या गावी गेले ती मधुराच्या बाळंतपणासाठी, तीन महिन्यांकरता. दोन हजार वीसचा जानेवारी होता. राहिले पावणेदोन वर्षं. विमानं बंद झाली, आणि माझ्यासारख्या अडकलेल्या पाहुण्यांची मुदत तिथलं सरकार आपली आपण वाढवत गेलं. निखिल, माझा मुलगा, शॅननला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात आहे. घर गावाच्या कडेला, आणि घरामागच्या रस्त्याने गेलं की बॉगची वाट लागते. बाळाला ढकलगाडीत घालून मी तिकडे जायची. तिथे कुणाशी बोलावं लागत नसे. मला माणसांचं वाकडं नाही, पण चार अनोळखी माणसं समोर आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. इंग्रजी येत नाही हे तिथे सांगायला बरं होतं. मराठीतही माझं तेच होतं.

त्या टायवाल्यांची पहिली भेट मात्र चुकवता आली नाही. एप्रिलमध्ये आमच्या कुंपणाची झुडपं फार वाढली होती. रिकामं बसवत नव्हतं म्हणून मी कात्री घेऊन छाटत होते. मागून आवाज आला, "सेक्शन फॉर्टी!" वळून पाहिलं तर रस्त्याच्या पलीकडे लाल रंगाच्या गाडीवर एक म्हातारा. गाडी चार जाड चाकांची, पण फटफटीसारखी दांडा धरून चालवायची. क्वाड म्हणतात तिला. त्यांनी हातातली लांब काठी आडवी धरली होती, म्हणजे आम्हा दोघांत अंतर किती ठेवायचं ते मला कळावं. मला वाटलं पोलीस. मी कात्री टाकून आत पळाले.

मधुरा बाहेर जाऊन बोलून आली आणि दारातच हसायला लागली. "अहो आई, पक्ष्यांची घरटी असतात म्हणून मार्चच्या एक तारखेपासून ऑगस्ट संपेपर्यंत इथे झुडपं तोडायला बंदी आहे. कायद्याचं चाळिसावं कलम. ते तुम्हाला पकडायला नव्हते आले. कात्रीला धार चांगली आहे, सप्टेंबरात या म्हणाले."

तेव्हापासून निखिल त्यांना कलमवाले आजोबा म्हणू लागला. शेजारीण सांगायची की दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी ते घरोघरी जाऊन आठवण करतात, आणि लोक त्यांना पाहून दिवे मालवून बसतात. अजूनही करतात. या वर्षी मधुरा फोनवर म्हणाली, "आले होते. तुमच्या कात्रीची चौकशी केली."

कायद्याची पानं ते पावाच्या रिकाम्या पिशवीत घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवत. पाऊस असो नसो, पिशवीतून काढायची, बोट ठेवून वाचायची, परत गुंडाळायची. पण त्यांच्याकडे कायदा म्हणजे दुसऱ्याला धाक दाखवायची वस्तू नव्हती. स्वतःलाही त्यातून सोडत नसत. टाळेबंदीत घरापासून दोन किलोमीटरच्या आत फिरायची परवानगी होती. त्यांनी एक जुनं सायकलचं चाक काठीला बांधून, शेजाऱ्याला ते ढकलायला लावून, आपल्या फाटकापासून बॉगपर्यंतचं अंतर मोजून घेतलं. वाटेचं तोंड दोन किलोमीटरच्या आत आलं, पण ते ज्या पक्ष्याला बघायला जात त्याचं घरटं पुढे राहिलं. मग रोज हद्दीवर गाडी थांबवायची, दुर्बीण लावायची, आणि तिथूनच पक्षी बघून परत यायचं. सत्तरीच्या वरच्या लोकांनी घराबाहेर पडूच नये असंही सरकार सांगत होतं, त्याचं काय, असं शेजारणीने खवचटपणे विचारलं. ते म्हणाले, "तो सल्ला आहे. सल्ला वेगळा, कायदा वेगळा. सल्ला मला बायकोही देत असे."

त्यांचा उजवा खुबा निकामी झाला होता. दोन काठ्या घेऊन ते वीसेक पावलं चालत, एकविसाव्याला चेहरा पांढरा पडे. म्हणून ती लाल गाडी. ती माणसाच्या चालीने चालवत, त्यामुळे मी ढकलगाडी घेऊन बरोबरीने जाऊ शके. ते इंग्रजीत बोलत, मी मराठीत. पहिल्या महिन्यात मी गप्पच असे, पण त्यांना माझी भाषा कळत नाही हे लक्षात आल्यावर मला कंठ फुटला. मी त्यांना काय काय सांगितलं असेल! आमची शाळा चौथीपर्यंतच होती आणि पाचवीला शेजारच्या गावी जावं लागे म्हणून माझं शिक्षण तिथेच थांबलं, हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ग्रँड." तिथे सगळ्यालाच ग्रँड म्हणतात, पण मला बरं वाटलं.

याच सोबतीने एक फजिती झाली. एकदा शेजारीण भिंतीवरून मला म्हणाली, "युअर मॅन इज अबव्ह ऑन द बॉग." एवढे शब्द मला कळत होते. युअर म्हणजे तुमचा, मॅन म्हणजे माणूस. तुमचा माणूस बॉगवर आहे! मला विधवा होऊन अकरा वर्षं झाली होती. माझे कान तापले. मी आत आले ती आठ दिवस त्या वाटेला गेले नाही. बाळ रडून गोंधळ घालायचं, तरी नाही. शेवटी मधुराने खोदून खोदून विचारलं आणि मी सांगितलं, तर ती हसत हसत खाली बसली. "अहो आई, इथे कुणालाही युअर मॅन म्हणतात! 'तो बाबा' म्हणतो ना आपण, तसं. परवा टीव्हीवरच्या हवामान सांगणाऱ्यालाही म्हणाली ती. तो काय आता तिचा झाला का?"

नवव्या दिवशी मी गेले. ते वाटेच्या तोंडाशी थांबलेले. घड्याळ दाखवून म्हणाले, "उशीर झाला."

कौन्सिलमध्ये ते रस्त्यांवरच्या पाट्या रंगवायचे. आता पाट्या छापून येतात, पण जिल्ह्यातल्या जुन्या पाट्यांवरची अक्षरं त्यांच्या हातची होती. शेडमध्ये ब्रश ओळीने लावलेले, आणि स्वतःच रंगवलेल्या सूचनांची चळत. 'येथे घरटी आहेत.' 'कुत्रा बांधून न्या.' एकदा मी मधुराला मधे घालून त्यांना सांगितलं की आमच्या गावातही अशी बंदी होती, डोंगरावर झाड तोडायचं नाही, तिला कुऱ्हाडबंदी म्हणत. तो शब्द त्यांनी माझ्याकडून चारदा म्हणवून घेतला. मग कागद पुढे करून लिहायला सांगितला. माझं अक्षर शाळकरी, गोल गोल. दोन दिवसांनी फळी घेऊन दारात हजर. पांढऱ्यावर काळ्या रंगात 'कुऱ्हाडबंदी', माझ्याच अक्षरात, ऱ्हच्या शेपटाचा माझा चुकीचा वळसासुद्धा तसाच. वाचणारी तीन माणसं त्या गावात, तीही आमच्याच घरात. ती फळी त्यांनी आमच्या कुंपणावर ठोकली. मी पुन्हा कात्री घेऊ नये म्हणून असेल.

आता त्या पक्ष्याचं. कर्ल्यू म्हणतात त्याला. कोंबडीएवढा, तपकिरी ठिपक्यांचा, आणि चोच हातभर लांब वाटावी अशी, खाली वाकलेली. आपल्या टिटवीसारखा तो जमिनीवरच अंडी घालतो, गवतात, नुसत्या खळग्यात. पूर्वी त्या भागात पुष्कळ होते. आता त्या बॉगवर एकच जोडी उरली होती. आणि त्याच बॉगवर दर शनिवार-रविवारी गावातली दहाबारा पोरं क्वाड घेऊन यायची. वाईट नव्हती ती. टाळेबंदीत दुसरं करायला काही नव्हतं. पण ती जाड चाकं त्या मऊ जमिनीवरून गेली की मागे नांगरल्यासारखे काळे पट्टे उरत, आणि त्यात पाणी साचे. दोन हजार वीसच्या मे महिन्यात अंडी त्या पट्ट्याखाली गेली. आजोबांनी मला ती जागा दाखवली. त्या दिवशी त्यांनी पावाची पिशवीही काढली नाही.

त्या उन्हाळ्यापासून त्यांनी कौन्सिलला पत्रांवर पत्रं लिहिली. त्याआधीही लिहितच होते म्हणे, कितीतरी वर्षं. पण आता सगळेच लोक चालायला तिकडे जाऊ लागले होते, गाळात अडकलेली क्वाड काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागला होता, आणि कौन्सिलला जाग आली. हिवाळ्यात वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली. बॉगवर आणि बॉगच्या वाटेवर यंत्राने चालणाऱ्या वाहनांना बंदी घालण्याचा नियम करायचा विचार आहे. कोणत्याही व्यक्तीने आपलं म्हणणं लेखी कळवावं. आणि खाली आणखी एक कलम होतं, स्थानिक रहिवाशांना अर्ज केल्यास परवाना मिळेल.

आजोबा कात्रण घेऊन आमच्या दारात आले. 'कोणत्याही व्यक्तीने' याखाली लाल रेघ. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "व्यक्ती."

निखिल तेव्हा घरीच होता. त्याला ते अजिबात पटलं नाही. "आई, आमचे नागरिकत्वाचे कागद सरकारकडे गेलेत. तू व्हिजिटर. कशाला सरकारच्या डोळ्यांवर येतेस? उद्या कुणी विचारलं, ही बाई कोण, तर?"

"विचारलं तर सांग, तुझी आई आहे," मधुरा म्हणाली.

"तू गप्प बस. तुला सगळ्यात गंमत वाटते."

आजोबांना वाद कळला नाही, पण त्यांनी पिशवी काढली आणि वाचलं. 'कोणतीही व्यक्ती' म्हटलं आहे. नागरिक म्हटलेलं नाही. इंग्रजीत लिहावं असंही म्हटलेलं नाही. तीनदा तपासलं आहे. मग माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, "प्लीज."

दोन दिवस माझा निर्णय होईना. निखिलच्या कागदांची भीती मलाही होती. आमच्यासारख्यांनी सरकारला आपणहून पत्र लिहावं, असं आमच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. पण बंदीबद्दल मला काही माहीत होतं, आणि ते पुस्तकातलं नव्हतं. शेवटी बाळ झोपल्यावर मी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि लिहिलं.

मी लिहिलं, की आमच्या गावात पाणलोटाचं काम आलं तेव्हा ग्रामसभेने डोंगरावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. पहिल्या वर्षी एकाच घराला सूट दिली. सरपंचांची आई आजारी होती, तिला शेळीचं दूध लागे, म्हणून त्यांच्या शेळ्या डोंगरावर जाऊ दिल्या. दुसऱ्या वर्षी गावात घरोघरी आजारी माणूस निघालं. तिसऱ्या वर्षी डोंगरावर दगड उरले. मग पुन्हा सभा झाली आणि ठरलं, कोणालाही सूट नाही. त्या वर्षी माझ्या सासूची शेळी चुकून वर गेली. मी स्वतः तिला गळ्यात दोरी घालून कोंडवाड्यात नेली. सासू महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पण आता त्या डोंगरावर गुडघाभर गवत आहे, आणि विहिरींना उन्हाळ्यात पाणी असतं. म्हणून माझं म्हणणं असं की परवान्याचं कलम काढून टाकावं. गाडीवाली सगळी पोरं स्थानिकच आहेत. कोणालाही सूट देऊ नये.

खाली सही केली तेव्हा आडनाव ओळीच्या खाली गेलं. मधुराने इंग्रजी करून सोबत जोडलं. निखिलने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "आजीची शेळी तू कोंडवाड्यात घातली होतीस?"

"तुझा जन्म व्हायचा होता तेव्हा."

"बापरे," म्हणाला, आणि स्वतःच जाऊन पत्र पेटीत टाकून आला.

कौन्सिलची सभा एप्रिलमध्ये झाली, संगणकावर. छोट्या छोट्या चौकटींत एकेक माणूस. मधुराने मला शेजारी बसवलं. आपल्याला ते बघू शकत नाहीत असं तिने दोनदा सांगितलं, तरी मी डोक्यावर पदर घेतला होता. एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी माझं पत्र वाचून दाखवलं. माझ्या नावाचे त्यांनी जे तुकडे केले ते मला ओळखू आले नाहीत, पण शेळीच्या जागी सगळ्या चौकटी हसल्या, आणि नंतर हसायच्या थांबल्या. दुसरा एक सभासद म्हणाला, परवाने ठेवले तर सगळ्यांनाच द्यावे लागतील, या बाईंचं बरोबर आहे. मतं पडली. बंदी मंजूर, परवान्याचं कलम काढलं. मे महिन्याच्या पहिल्या दिवसापासून.

मधुराने मला मिठी मारली. मी हसत होते, मला वाटतं माझ्या डोळ्यांत पाणीही होतं. तेवढ्यात निखिल चहाचा कप घेऊन आत आला आणि सहज म्हणाला, "म्हणजे आता आजोबांचीही क्वाड बंद."

मधुराचा चेहरा उतरला. "अगं बाई. भाषांतर करताना मला सुचलंच नाही."

मलाही सुचलं नव्हतं. रोज त्या लाल गाडीच्या शेजारून चालले होते मी. पण माझ्या मनात ती गाडी कधी गाडी नव्हतीच. ती त्यांचा पाय होती. काठीला कुणी वाहन म्हणत नाही, तसं. मी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं, कोणालाही सूट देऊ नका, आणि सहीही केली होती. वीस पावलं चालणारा माणूस तो. बॉगची वाट एक मैलभर. त्या जोडीसाठी त्याने इतकी वर्षं पत्रं लिहिली, आणि आता ती तिथे सुखाने घरटं करील तेव्हा त्याला ते बघायला जाता येणार नाही. ते माझ्या पत्राने झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या फाटकाशी गेले. क्वाडवर ताडपत्री, ती चारही बाजूंनी दोरीने बांधलेली. दार बंद. तिसऱ्या दिवशी तेच. मधुराने फोन केला, कुणी उचलला नाही. तेव्हा नुकतीच जिल्ह्यात फिरायची मोकळीक झाली होती. शेजारीण म्हणाली, ते किलरशला पुतणीकडे गेले, ट्रेलर लावलेली गाडी न्यायला आली होती. ट्रेलर म्हटल्यावर मला सामान दिसू लागलं. त्यांचे ब्रश, त्यांची खुर्ची. एकट्या म्हाताऱ्याला पुतणीने उचलून नेलं, कारण इथे राहून त्याने आता करायचं काय?

मी बॉगवर गेले तर पक्षी आले होते. तो नर वर चढत होता आणि मग लांब शीळ घालत, थरथरत, खाली उतरत होता. वर्षभर ज्याची वाट बघितली ते समोर होतं आणि मला तिथे उभं राहवेना. ताटातली भाकरी तशीच राहू लागली. निखिल म्हणाला, "आई, तू बरोबर लिहिलंस." मधुरा म्हणाली, "आई, ते परत आले की आपण बोलू." असे नऊ दिवस गेले.

मे महिन्याचा पहिला दिवस शनिवार होता. दुपारी बाळाला भरवत होते, तर रस्त्यावरून पोरांचा गलका ऐकू आला. खिडकीतून पाहिलं आणि माझ्या हातातला चमचा खाली पडला. पुढे एक गाढव. गाढवाला छोटा गाडा जोडलेला. गाड्यात कलमवाले आजोबा, उलट्या तोंडाने बसवलेले, पाय मागे लोंबते. बाजूने ती क्वाडवाली पोरं, एक गाढवाची दोरी ओढतोय, दोघे फोन धरून चित्र घेताहेत, एक बादली बडवतोय, आणि सगळे ओरडताहेत.

आमच्याकडे याला एकच अर्थ आहे. माणसाचं तोंड काळं करून, गाढवावर उलटं बसवून गावभर फिरवतात, त्याला धिंड म्हणतात. मी लहानपणी एक पाहिली आहे. पोरांच्या गाड्या बंद केल्या म्हणून त्यांनी म्हाताऱ्याची धिंड काढली, आणि बंदी पक्की केली मी.

मी कशी धावले मला आठवत नाही. पायांत चप्पल नव्हती. रस्त्याच्या मधोमध गाढवासमोर उभी राहिले आणि ओरडले, आयुष्यात कधी ओरडले नव्हते इतक्या मोठ्याने. "सोडा त्यांना! म्हाताऱ्या माणसाची धिंड काढता? लाज नाही वाटत? पत्र मी लिहिलंय! मला बसवा गाढवावर!"

बादली थांबली. गाढव थांबलं. दोरीवाला पोरगा, सहा फुटांचा, दोन पावलं मागे सरला. मागून मधुरा बाळाला कडेवर घेऊन धापा टाकत आली.

"ती काय म्हणते?" गाड्यातून, पाठमोऱ्या आजोबांनी विचारलं. त्यांना मान वळवता येत नव्हती. त्यांचा कोट, टाय, सगळं नीट होतं. तोंडाला काही फासलेलं नव्हतं.

मधुराने सांगितलं. धिंड म्हणजे काय तेही सांगितलं.  मग आजोबा हसू लागले, इतके की गाडा हलला आणि गाढवाने कान मागे केले.

"उलटा बसलोय कारण पुढे तोंड करून पाय दुमडत नाही," ते म्हणाले. पिशवी निघाली. पान उघडलं, बोट ठेवलं. "यंत्राने चालणारं वाहन. मेकॅनिकली प्रोपेल्ड. हे पुतणीच्या शेतावरचं गाढव आहे. गवतावर चालतं. तीनदा तपासलं आहे. नऊ दिवस लागले याला गाड्याची सवय करायला."

"त्यालाच नाही, तुम्हालाही," दोरीवाला म्हणाला. "पुतणी म्हणाली, काल दोनदा पडले हे."

"एकदा. दुसऱ्यांदा उतरलो."

"आणि तुम्ही कशाला ओरडत होता?" मधुराने पोरांना विचारलं.

"आमची पैज लागलीय," बादलीवाला म्हणाला. "वाटेच्या तोंडाशी कौन्सिलने नवीन फाटक बसवलंय. माणसांसाठी बाजूला फट ठेवलीय. हा गाडा त्यातून जातो की नाही. मी म्हणतो नाही."

मी अजून तिथेच उभी होते. मला बोलायचं होतं आणि बोलायला इंग्रजी नव्हतं. मी मराठीतच बोलले, मधुराला मधे न घालता, गाड्याच्या मागे त्यांच्या समोर जाऊन. म्हटलं, तुमचा पाय मी तोडला. माझ्या लक्षात नाही आलं. माफ करा. मधुराने हळूच इंग्रजी केलं.

ते गंभीर झाले. म्हणाले, "माझ्या पत्रातही तेच होतं. परवाने नकोत, कुणालाच नकोत. बारा वर्षं तेच लिहितोय. एकट्या म्हाताऱ्याने लिहिलं की कौन्सिलमध्ये त्याला तक्रार म्हणतात. तुमचं आलं, तेव्हा कुठे त्यांनी माझं उघडलं." मग माझ्या अनवाणी पायांकडे बघून म्हणाले, "चप्पल घालून या. आम्ही थांबतो."

मी चप्पल घातली. आम्ही सगळे मिळून गेलो. फाटक नवं कोरं, आणि बाजूला दोन खांबांमधली फट. गाडा तिच्याहून तसूभर कमी असेल नसेल. दोरीवाला गाढवापुढे उलटा चालू लागला, त्याला काहीतरी गोड बोलत. गाढव आत गेलं. गाडा आत गेला. उजव्या चाकाचा तुंबा खांबाला खरवडला, लाकूड किरकिरलं, आजोबांनी डोळे मिटले, आणि गाडा पलीकडे निघाला. पोरांनी आरोळी ठोकली. बादलीवाल्याने बादली आपटली.

पोरगा दोरी धरून पुढे, गाढव त्याच्यामागे, आणि गाड्यात आमच्याकडे तोंड करून आजोबा. मैलभराची सरळ वाट ती. ते लहान लहान होत गेले, पण तोंड आमच्याकडेच होतं, त्यामुळे जात असूनही जात आहेत असं वाटत नव्हतं. पार लांब गेल्यावर त्यांनी टोपी काढून हात वर केला. मीही केला. मग घरी आले, आणि कालची शिळी भाकरी होती ती दुधात कुस्करून खाल्ली, दोन वाट्या.